दाभोळवर पडला तसा कोप

१५०८च्या डिसेंबरच्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा आपलं आरमार घेऊन वाशिष्ठीच्या खाडीत शिरला आणि त्याच्या शिपायांनी दाभोळ कापून काढलं, मग जाळलं. बाया, म्हातारे, तान्ही मुलं, कुणाचीही गय झाली नाही. निमित्त होतं त्याच्या मुलाच्या मरणाचं. त्याच वर्षी मार्चमध्ये चौलच्या लढाईत लोरेन्सोचं जहाज मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं आणि तो मारला गेला. त्याला मारणारं आरमार इजिप्तच्या मामलुकांचं आणि दीवच्या मलिक अयाझचं होतं. दाभोळ विजापूरच्या आदिलशाहीचं बंदर. पण दीवला जायच्या वाटेवर ते लागत होतं. महिनाभराने, ३ फेब्रुवारी १५०९ला, आल्मेदाने दीवची लढाई जिंकली. इतिहासाच्या पुस्तकांत ती लढाई ठळक छापतात आणि दाभोळला एखादी ओळ येते.

पुढे पश्चिम किनाऱ्यावर म्हणे शापच रूढ झाला: दाभोळवर पडला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर पडो. हा शाप वाचला तेव्हापासून मी या प्रकरणाच्या मागे आहे. मी इतिहासाचा मास्तर, दापोली तालुक्यातला. एकट्या इतिहासाला हे झेपेना, म्हणून अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक, एक मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरीणबाई आणि एक वकीलबाई यांना यात ओढलं. अशा संहाराचं पुढे काय उरतं, कुठे उरतं आणि ते कुठल्या शास्त्राला दिसतं, यावर आमची भांडणं अजून चालू आहेत. त्यातून हाती लागलेलं थोडं इथे लिहितो.

१. कागद कुणाच्या हातचा, ते आधी बघावं

दाभोळबद्दल जे तपशिलात माहीत आहे ते जवळजवळ सगळं पोर्तुगीजांनी लिहिलंय. त्यांचा एक इतिहासकार कास्तान्येदा हिंदुस्थानात आला १५२८ला, म्हणजे घटनेनंतर वीस वर्षांनी. बार्रोस तर इकडे कधी फिरकलाच नाही. तो लिस्बनमध्ये हिंदुस्थानच्या व्यापाराचा कारभार बघायचा आणि आलेल्या कागदांवरून लिहायचा. गास्पार कोरेया इथे राहिला, पण त्याचं पुस्तक छापलं गेलं थेट एकोणिसाव्या शतकात. दाभोळच्या माणसाने लिहिलेली एक ओळ माझ्या पाहण्यात नाही.

मारणाऱ्याचा कागद वापरू नये असं मी म्हणत नाही. उलट त्याचा एक उपयोग आहे. या लोकांना लाज वाटत नव्हती, त्यामुळे ते लपवत नाहीत. अडचण दुसरीकडे आहे. लाज नसलेला माणूस आकडे फुगवतो. म्हणून मेलेल्यांचा आकडा मी वर्गात सांगत नाही. मुलं दर वर्षी विचारतात, आणि आकडा मिळाला नाही की काहींचा रस संपतो. संपू दे.

दुसऱ्या बाजूचं म्हणून मलबारच्या झैनुद्दीन मखदूमचं अरबी पुस्तक आहे, सोळाव्या शतकातलं, ‘तुहफत-उल-मुजाहिदीन’. फिरंग्यांनी काय काय केलं याची त्यात भली मोठी फिर्याद आहे. पण ती मलबारची. कोकणची फिर्याद कुणी लिहिली नाही, निदान टिकली नाही.

२. मेलेल्यांच्या गावात आठवण सापडेलच असं नाही

दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत बसलात तर गप्पा मारायला माणसं मिळतात. पलीकडे धोपावे. गाड्या रिव्हर्समध्ये बोटीवर चढवायच्या असतात, तेवढ्यात एखाद्या ड्रायव्हरचं आणि बोटीवरच्या पोराचं वाजतं. बाजूला मासळीचे क्रेट, बर्फाचं पाणी, मांजरं. तिथे मी कित्येकांना विचारलंय, गावात जुनं काय झालं होतं? माँसाहेबाच्या मशिदीची गोष्ट सगळ्यांना येते. विजापूरची शहजादी मक्केला निघाली होती, दर्यावरची वाट धोक्याची म्हणून थांबली आणि हजसाठी आणलेला पैसा तिने मशिदीला लावला. चंडिकेच्या गुहेची गोष्ट येते. एन्रॉनच्या वीजप्रकल्पाची तर येतेच. १५०८ची येत नाही.

एका दालदी (मुसलमान मच्छीमार) चाचांना मी सगळं सांगितलं, आल्मेदा, चौल, आग. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “मास्तर, हे तुमच्या पुस्तकातलं. आमच्या म्हाताऱ्यांनी कधी काढलं नाही. फिरंगी म्हणाल तर ते गोव्याचे.” मग आपलं जाळं विणायला लागले.

मॉरिस हाल्ब्वाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५मध्ये मांडलं होतं की आठवण एकट्या माणसाची नसते. ती धरून ठेवायला एक गट लागतो, घर लागतं, सणवार लागतात. तो स्वतः मार्च १९४५मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत मेला. त्याचं म्हणणं दाभोळला लावून बघा. गटच कापला गेला आणि त्या जागी दुसरी माणसं येऊन बसली, तर गोष्ट सांगणार कोण? आर्मेनियन लोकांची १९१५ची आठवण जिथे त्यांना मारलं त्या अनातोलियातल्या गावांत थोडी आणि बैरूत, अलेप्पो, मार्सेल इथल्या घरांत जास्त टिकली, कारण जगलेले तिकडे होते. दाभोळचा शापही मला वाटतं तसाच फिरला. तो दाभोळात जन्मला नसावा. ज्यांना आपल्या बंदराचं दाभोळ होईल ही धास्ती होती, त्यांच्या तोंडी तो होता.

तेव्हा “लोक विसरले, म्हणजे परिणाम संपला” असं कुणी लिहिलं की मी लाल शाईने खूण करतो.

३. बंदर सावरलं म्हणून माणसं सावरली असं होत नाही

यावर आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं, आणि मला सगळ्यात जास्त शिकायलाही इथेच मिळालं.

आमच्या प्राध्यापकांनी पहिल्याच बैठकीत माझी हवा काढून घेतली. मी म्हणत होतो, १५०८ने दाभोळ बसलं. ते म्हणाले, कुठे बसलं? संहाराआधीचं दाभोळ बघा. महमूद गवान इराणच्या गिलानमधून बहमनी मुलखात आला तो याच बंदरात उतरला, १४५३च्या सुमाराला. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७०च्या आगेमागे इथून होर्मुझच्या जहाजावर चढला. अरबस्तान आणि खुरासानचे घोडे इथे उतरतात असं त्याने लिहून ठेवलंय. आता संहारानंतरचं दाभोळ बघा. काही वर्षांतच दुआर्ते बार्बोझा हा पोर्तुगीज अधिकारी या बंदराचं वर्णन करतो तेव्हा ते पुन्हा वसलेलं आहे, पुन्हा व्यापार करतंय. १५४७मध्ये पोर्तुगीजांच्या जुआंव द कास्त्रोने दाभोळवर पुन्हा हल्ला केला. काहीच उरलं नसतं तर त्याने केलाच नसता. आणि मशीद? ती १६५९–६०ची. दीडशे वर्षांनंतरही या गावात घुमट आणि चार मिनार उभे करण्याइतका पैसा आणि राबता होता. पुढे दाभोळ मागे पडलं त्याला आदिलशाहीचा अस्त, सुरत आणि मुंबईचा उदय, व्यापाराच्या बदललेल्या वाटा अशी कारणं आहेत. सगळं आल्मेदाच्या माथी मारता येत नाही.

हे मला मान्य करावं लागलं. पण त्यांच्या हिशेबात एक भोक होतं, ते मी दाखवलं. अर्थशास्त्र शहर मोजतं. शहरात १५०७ला राहणारी माणसं आणि १५१५ला राहणारी माणसं एकच होती का, हे त्याच्या कोष्टकात येत नाही. घोड्यांच्या व्यापाऱ्याचं घर जळलं, तो मेला, त्याची बायकामुलं मेली. सात वर्षांनी त्याच जागेवर दुसरा घोड्यांचा व्यापारी आला. बंदराचा आकडा भरून निघाला.

मग त्यांनीच मला दोन कामं वाचायला दिली. नेथन नन यांनी २००८मध्ये दाखवलं की आफ्रिकेत जिथून जास्त गुलाम नेले गेले ते देश आज जास्त गरीब आहेत, आणि २०११मध्ये लिओनार्ड वांचेकॉन यांच्याबरोबर दाखवलं की तिथले लोक आजही शेजाऱ्यावर, नातेवाइकावर कमी विश्वास ठेवतात. दुसरं काम जर्मनीवरचं. १३४८–५०च्या प्लेगमध्ये ज्या जर्मन गावांनी ज्यूंना जाळलं, त्याच गावांत जवळजवळ सहाशे वर्षांनी, १९२०च्या दशकात, ज्यूंवर जास्त हल्ले झाले आणि नाझींना जास्त मतं पडली. व्होइग्टलेंडर आणि व्होथ या दोघांनी २०१२मध्ये हे छापलं. सहाशे वर्षं! मी म्हटलं, बघा, टिकतं. प्राध्यापक म्हणाले, पुढचं पान वाचा. पुढे असं की जी शहरं दूरच्या व्यापारावर जगत होती, हान्सा संघातली बंदरं, तिथे हा धागा तुटलेला आहे. परक्यांची सतत ये-जा असलेल्या गावात जुना द्वेष पिढ्यान्‌पिढ्या पोसला जात नाही.

लक्षात घ्या, हा अभ्यास मारणाऱ्यांच्या गावांचा आहे, मेलेल्यांच्या नव्हे. तरी दाभोळसाठी मला तो कामाचा वाटतो. दाभोळ बंदर होतं. वारा फिरला की माणसं बदलायची. परिणाम त्या गावात साठून राहिला नाही याचं एक कारण तेही असेल.

मग तो साठला कुठे? माझं मत सांगतो, प्राध्यापकांना ते अर्धंच पटतं. तो परवान्यात साठला. पोर्तुगीजांनी दर्यावर ‘कार्ताझ’ चालू केला होता. तो कागद घेतल्याशिवाय जहाज हाकारायचं नाही, घेतला नाही तर जहाज जप्त. ही पद्धत दाभोळच्या आधीची आहे, पण नुसत्या कागदाला कोण घाबरतो? दाभोळ आणि दीवनंतर त्या कागदामागे काय आहे हे सगळ्या किनाऱ्याला कळलं होतं. पुढे आदिलशाही, निजामशाही, मोगल, सगळ्यांच्या जहाजांनी तो घेतला. त्या कत्तलीची भीती शंभर-दीडशे वर्षं जकातीच्या रूपाने वसूल होत राहिली. दाभोळच्या संहाराचा परिणाम मोजायचा तर दाभोळच्या वस्तीत मोजून भागणार नाही, होर्मुझपासून मलबारपर्यंतच्या जकातीत मोजायला हवा.

४. वकिलांना लवकर बोलवावं

मी वकीलबाईंना फार उशिरा बोलावलं असं त्याच म्हणतात. राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू वकिलाने वंशसंहाराची कल्पना १९४४च्या पुस्तकात मांडली आणि ९ डिसेंबर १९४८ला संयुक्त राष्ट्रांनी त्यावरचा करार मंजूर केला. भारताने तो १९५९मध्ये स्वीकारला. मागच्या काळाला तो लागू नाही, ते सोडा. त्यातली कसोटी महत्त्वाची आहे. किती मेले हा प्रश्नच नाही. एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट, गट म्हणून, पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू होता का, हा प्रश्न आहे.

ही कसोटी घेऊन वकीलबाईंनी दाभोळशेजारी गोवा ठेवलं. २५ नोव्हेंबर १५१०ला पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कने गोवा घेतलं. २२ डिसेंबरला त्याने पोर्तुगालच्या राजा मानुएलला पत्र लिहिलं. त्यात तो अभिमानाने सांगतो की चार दिवस कत्तल चालली, एकही मुसलमान सोडला नाही, मशिदींत कोंडून जाळले, सहा हजार मेले. आणि शेतकरी व ब्राह्मण यांना मारू नका असा हुकूम दिला होता. म्हणजे निवड केली होती. कुणाला मारायचं, कुणाला नाही, हे धर्म बघून ठरलं आणि ते लेखी आहे. दाभोळात निवडच नव्हती. हिंदू, मुसलमान, जो सापडला तो गेला.

वकीलबाईंचा निष्कर्ष: गोव्याला कसोटी लागते, दाभोळला लागणं कठीण. मला हे ऐकून राग आला होता. ज्यात कुणालाच सोडलं नाही तो गुन्हा कमी कसा? त्या म्हणाल्या, कमी नाही सर, वेगळा. आता मी हा फरक शिकवतो. परिणाम शोधतानाही तो उपयोगी पडतो. निवडून मारलं तर मागे जे उरतात त्यांच्यात एक रेघ ओढली जाते: हे वाचलेले, ते न वाचलेले. गोव्याच्या पुढच्या इतिहासात ही रेघ शोधावी लागते. दाभोळात ती नाही.

लेम्किनबद्दल आणखी एक. त्याच्या मूळ कल्पनेत नुसतं मारणं नव्हतं. भाषा, देवळं, धंदे, जगण्याचे सगळे आधार मोडणं त्यात होतं. करारातून त्यातलं बरंच गळलं. तो वंशसंहारांचा जागतिक इतिहास लिहीत होता, वसाहतींतल्या कत्तली त्यात घेणार होता. तो १९५९मध्ये वारला आणि ते काम अपुरं राहिलं.

५. “आमच्या डीएनएत असेल का?”

व्याख्यानानंतर हा प्रश्न येतोच. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं उत्तर मी आता पाठ केलंय. छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या मुलांमध्ये वेगळा त्रास दिसतो, हे १९६६मध्ये कॅनडात व्हिव्हियन राकॉफ यांनी लिहिलं. रेचल येहूदा यांच्या गटाने २०१६मध्ये बत्तीस वाचलेल्यांचा आणि त्यांच्या बावीस मुलांचा अभ्यास छापला; ताणाशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा त्यांनी तपासल्या आणि फरक दाखवला. वर्तमानपत्रांनी त्याचं “दुःख रक्तातून उतरतं” असं करून टाकलं. नमुना केवढा, वाचलेले आणि त्यांची मुलं मिळून चौपन्न माणसं. आणि आईबापांबरोबर वाढताना मुलं जे बघतात, ऐकतात, त्यापासून हे वेगळं काढणं फार अवघड. एका पिढीचं इतकं डळमळीत, तर पाचशे वर्षांचं काय बोलणार? बाईंच्या भाषेत: “नाही. आणि असेल म्हणून सांगू नका, लोकांना ते आवडतं.”

६. जळका थर मिळाला की उडी मारू नये

पाया खणताना काळी माती, कोळसा लागला की कुणीतरी फोन करतं. पण दाभोळ एकदाच जळलं नाही. १५४७चं वर सांगितलंच. शिवाय लाकूड आणि शाकार यांची घरं, स्वयंपाकाच्या चुलीनेही पेटणारी. शास्त्रीय उत्खननाशिवाय, थराबरोबर सापडलेल्या खापरांशिवाय आणि नाण्यांशिवाय त्या कोळशावर वर्ष लिहिता येत नाही.

७. नावाच्या मागे जाताना

दाभोळकर आडनावाची माणसं महाराष्ट्रभर आहेत. गाव सुटलं आणि नाव लागलं, इतकं त्यावरून कळतं. कधी सुटलं ते आडनाव सांगत नाही. कुणी धंद्यासाठी गेलं असेल, कुणी नोकरीसाठी. एका उत्साही विद्यार्थ्याने आडनावांचा नकाशा करून त्याला “१५०८चे विस्थापित” असं नाव दिलं होतं. नकाशा सुंदर होता. नाव खोडायला लावलं.

संगणकावर दाभोळ शोधाल तर निम्म्याहून जास्त एन्रॉन निघतं, आणि तो कारखाना दाभोळात नाहीच. खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला आहे. धक्क्यावरून त्याची धुरांडी दिसतात. आमच्या गावाने नुसतं नाव दिलं. डेटा घेऊन बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

८. मेलेल्यांना आजच्या भांडणात उभं करू नये

अलीकडे १५०८मध्ये रस घेणारे वाढलेत. कुणाला त्यात फक्त हिंदू मेलेले हवे असतात, कुणाला फक्त मुसलमान, आणि दोघांनाही आजचे ख्रिस्ती आरोपी म्हणून चालतात. मी एकच गोष्ट करतो, चौल ते दीव हा सगळा क्रम सांगतो, कुणाचं आरमार, कुणाचं बंदर, कुणाचा मुलगा. क्रम सांगितला की बहुतेकांचा उत्साह ओसरतो, कारण त्यात त्यांच्या सोयीचं फार थोडं आहे.

९. आल्मेदाचं पुढे काय झालं

मुलांना हे हवंच असतं. झालं असं की लिस्बनला परतताना त्याची जहाजं आफ्रिकेच्या टोकाशी, आजच्या केप टाउनच्या टेबल बेमध्ये, पाण्यासाठी थांबली. तिथल्या खोईखोई लोकांशी तंटा झाला. पोर्तुगीज किनाऱ्यावर उतरले, गुरं आणि काही मुलं पळवली. १ मार्च १५१०ला खोईखोईंनी त्यांना वाळूत गाठलं आणि साठेक माणसांसकट आल्मेदा मारला गेला.

वर्गात टाळ्या पडतात. टाळ्या पडू देतो, मग विचारतो, खोईखोईंना दाभोळ माहीत होतं का? नव्हतं. ते आपल्या पोरांसाठी आणि गुरांसाठी लढले. आल्मेदाच्या मरणाने दाभोळचा हिशेब पुरा होत नाही, तो दुसराच हिशेब होता. आणि त्या लोकांचं पुढे काय झालं? १६५२मध्ये त्याच उपसागरात डच येऊन बसले, गायरानं गेली, १७१३मध्ये देवीच्या साथीने त्यांच्या वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या केल्या. इथपर्यंत येईतो तास संपलेला असतो, तेव्हा खोईखोईंसाठी मी दुसऱ्या दिवशीचा तास राखून ठेवतो आणि त्या तासाला डॉक्टरीणबाईंना बोलावतो, कारण साथ आणि जमीन यांतलं कशाने किती मारलं हा प्रश्न माझ्या एकट्याच्या आवाक्यातला नाही.